गुलचांदणीचा पहिला अंक

नाटक कंपनीत सगळे त्यांना उजेडराव म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त बँकेला आणि सासुरवाडीला ठाऊक. रंगमंचावर ऊन पाडायचं ते त्यांनी, सांज उतरवायची ती त्यांनी, आणि तिसऱ्या अंकात राजवाडा पेटवायचा तोही त्यांनीच. पण नाव झालं ते चांदण्याने. दिव्यावर निळा जिलेटीन कागद, त्यावर फिकट पिवळ्याची एक बारीक पट्टी, आणि उजेड कमीजास्त करायच्या डिमरवर बोट असं फिरवायचं की जणू दुधावरची साय हलकेच बाजूला करताहेत. त्या चांदण्यात नायिका येऊन उभी राहिली की तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत टाळी पडायची. नायिकेला वाटायचं, टाळी आपल्याला. उजेडराव वरच्या खोपटात बसून मिशीत हसत आणि पुटपुटत, "घे बाई, तूच घे."

त्यांची बायको त्याच थिएटरात तिकिटं विकायची. तिला सगळे खिडकीबाई म्हणत. जाळीतून आत आलेल्या नुसत्या हातावरून तिला कळायचं, की हा माणूस पुढे बसणारा की मागे, एकटा आलाय, जोडीने आलाय, की जोडीने येताना वाटेत भांडून आलाय. भांडून आलेल्यांना ती मुद्दाम खांबाआडची जागा द्यायची. "नाटक नीट दिसलं नाही की मग दोघं मिळून मला शिव्या देतात. भांडण मिटतं," असं तिचं शास्त्र होतं.

खिडकीबाईंना एक खंत होती, पण ती खंत त्या विनोद म्हणून सांगत. उभ्या जन्मात त्यांनी पडदा उघडताना पाहिला नव्हता. खिडकी बंद व्हायची ती पहिला अंक अर्ध्यावर आल्यावर, कारण उशिरा येणाऱ्यांचा वंश काही बुडत नाही. मग त्या आत जायच्या. मिट्ट काळोखात, बॅटरीशिवाय, कुणाच्या पायावर पाय न देता थेट रिकाम्या खुर्चीवर. दारावरचा माणूस रोज तेच कुजबुजायचा, "बसा बाई, कथा समजते."

"कसली समजते!" त्या सांगायच्या. "मी आत जाते तेव्हा राजा मेलेला असतो. कुणी मारला, का मारला, आजतागायत ठाऊक नाही. मी आपली रडणाऱ्यांत जाऊन बसते."

दोघं एकाच दिवशी निवृत्त झाली. कंपनीने खिडकीबाईंना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि उजेडरावांना एक जुना स्पॉट दिला, तोच, ज्यातून ते चांदणं पाडायचे. भाषणं झाली. उजेडरावांना बोलायला उभं केलं. ते जन्मभर अंधारात बसलेले, समोर माणसं बघून त्यांची पाचावर धारण बसली आणि तोंडाला येईल ते बोलून गेले. "हिला मी पडदा उघडताना दाखवणार! पहिल्या रांगेत बसवून दाखवणार! नाही दाखवला तर उजेडराव म्हणू नका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत पुढे बसलेल्या राणीसरकारांनी (त्या कायम राण्यांच्याच भूमिका करत, म्हणून हे नाव) खणखणीत आवाजात विचारलं, "कधी?"

"बघाच!" उजेडराव म्हणाले. आणि घाम पुसत खाली बसले.

सोपी गोष्ट वाटली होती ती. पण तोवर जुनं थिएटर पाडून तिथे काचेची कचेरी उभी राहिली. नव्या थिएटरात पहिल्या रांगेची तिकिटं काढून उजेडराव बायकोला घेऊन गेले, अर्धा तास आधी. पाहतात तर रंगमंच सताड उघडा, आणि त्यावर एक पोरगी खुर्चीत बसून नखं कुरतडतेय.

"पडदा कुठाय?" उजेडरावांनी दारावरच्या मुलीला विचारलं.

"आता पडदा नसतो काका. नाटक आधीच सुरू झालेलं असतं."

खिडकीबाईंनी कपाळावर हात मारला. "घ्या! म्हणजे मी पुन्हा उशिराच आले."

घरी येईपर्यंत त्या हसत होत्या. उजेडराव हसले नाहीत. चार माणसांत दिलेला शब्द पायात काट्यासारखा रुतून बसला होता.

ही हकीकत ऐकायला राणीसरकार एकदा दुपारी घरी आल्या. उशिराच आल्या, कारण त्या कुठेही वेळेवर गेल्या तर लोक त्यांना ओळखणार नाहीत असं त्यांना वाटे. चहा झाला, हकीकत झाली, आणि त्यांनी पिशवीतून बियांची एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

"गुलचांदणी. माझ्या आईच्या अंगणात असायची. हिवाळ्याआधी मरून जाते, दर वर्षी नव्याने लावायची. संध्याकाळी कळी थरथरायला लागते, आणि मग—" राणीसरकारांनी दोन्ही हातांचे पंजे जुळवले, पीळ घातल्यासारखे फिरवले आणि झर्रकन उघडले. खोलीतला उजेड त्या पंजांत गोळा झाल्यासारखा वाटला. अखेर राणीचा हात तो! "बशीएवढं पांढरं फूल. डोळ्यांदेखत. पापणी लवू नये हं, चुकतं."

"पडद्यासारखी उघडते?" उजेडराव खुर्चीच्या कडेवर आले.

"पडद्याहून झक्क. पडदा ओढायला माणूस लागतो."

खिडकीबाई स्वयंपाकघरात कप विसळत होत्या. उजेडरावांनी पुडी पटकन खिशात टाकली आणि ओठांवर बोट ठेवलं. राणीसरकारांनी मान डोलावली, ती मात्र शेवटच्या रांगेला दिसेल अशी.

बी म्हणजे दगडाची धाकटी बहीण. राणीसरकारांनी सांगितलं होतं, सँडपेपरवर जरा घासायचं, मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. उजेडरावांना 'जरा' हा शब्द कधी कळलाच नव्हता. पहिलं बी त्यांनी एवढं घासलं की हातात भुगाच उरला.

"काय चाललंय?" खिडकीबाईंनी विचारलं.

"वेल लावतोय. फुलांची. साधीच."

"पेरताय की पॉलिश करताय?"

बाकीच्या बिया जपून घासल्या. भिजल्यावर त्या टम्म फुगल्या. त्यांतल्या एकीने मातीतून डोकं वर काढलं, आणि दोन पानं अशी पसरली की जणू कुणी विंगेतून हात बाहेर काढून प्रेक्षक किती आलेत ते पाहतंय. उजेडराव दर तासाला बघायला जात. वेलीला चढायला त्यांनी लाइटचे जुने पाइप जोडून मांडव केला, पडद्याच्या जुन्या दोऱ्यांनी बांधला, आणि गाठी अशा मारल्या की त्यावर हत्ती टांगला असता तरी चाललं असतं. वेल त्या दोऱ्यांना पीळ घालत सरसर वर निघाली. पानं पत्त्यातल्या बदामासारखी, हाताच्या पंजाएवढी.

आणि मग उजेडरावांनी तो स्पॉट बाहेर काढला.

आता सांगा, उभा जन्म ज्याने चांदणं पाडलं, त्याच्या दारात गुलचांदणी नावाची नायिका उभी राहिली, तर तो तिला अंधारात ठेवील? त्यांनी व्हरांड्याच्या खांबाला स्पॉट बांधला, निळा कागद लावला, फिकट पिवळ्याची पट्टी लावली, आणि दिवस मावळला की वेलीवर अस्सं चांदणं सोडलं की वाटेने जाणारी माणसं थबकून बघत.

"रात्रभर?" खिडकीबाईंनी विचारलं.

"चांदणीला चांदणं नको? नायिका उभी केली आणि लाइट दिला नाही, हे माझ्या हातून आजवर झालेलं नाही."

वेल खूश दिसली. मांडव भरला, पन्हळीला वेढे घातले, छपरावर गेली, तिथून वळून शेजारच्या उंच भिंतीवरून पलीकडे उतरली. नुसती पानं. पानंच पानं. कळीचा पत्ता नाही. उजेडरावांनी खत घातलं, पानं वाढली. खत बंद केलं, पानं वाढली. पाणी तोडून पाहिलं, तर वेल अशी मान टाकून बसली की त्यांनाच रडू आलं आणि त्यांनी एकदम दोन बादल्या ओतल्या. पानं वाढली.

"काय पण उजेड पाडलात!" खिडकीबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या लग्नापासून म्हणत होत्या, पण या खेपेला उजेडरावांना ते लागलं. दिवस आखडू लागले होते. थंडी आली की वेल मरणार, आणि तिच्याबरोबर तो शब्दही.

भिंतीपलीकडे टेलरमास्तर राहायचे. एकटे. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या अंगणात काकड्या. दिवसातून एकदा स्टुलावर चढत आणि भिंतीवरून नुसतं डोकं काढून टोमणा मारत.

"काय उजेडराव, पानांची कोशिंबीर करणार का यंदा?"

"येईल, येईल फूल. चांगली नटी उशिरा येते."

"येते की! पण येते."

पुढे मास्तरांचं डोकं दिसेनासं झालं. भिंतीच्या वर त्यांनी बांबू रोवून काळ्या कापडाची लांबच लांब कनात ताणली होती. वेल तिच्याखालून वाट काढून पलीकडे जात होती. उजेडरावांना वाटलं, कुणाच्या तरी काळ्या कोटांची मोठी ऑर्डर आलेली दिसते, धुऊन वाळत घातलंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वास सुरू झाला. रोज संध्याकाळी. गोड, जडशीळ, जरा लिंबाच्या अंगाने जाणारा. तो भिंतीपलीकडून येई आणि व्हरांड्यात चहा घेत बसलेल्या दोघांच्या नाकाशी रेंगाळे.

उजेडरावांनी कप खाली ठेवला. "अत्तर!"

"कुणाचं?"

"मास्तरांचं. दुसरं कोण आहे तिथे? आणि हे काळं कापड कशाला लावलंय, कळलं का? आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून!"

"अहो, गुडघे धरून चालतात ते."

"गुडघ्याचा आणि अत्तराचा काय संबंध?"

खिडकीबाईंचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मास्तर भेटले तेव्हा त्या गोड आवाजात म्हणाल्या, "मास्तर, छान वास येतो हो संध्याकाळचा. आम्हाला कधी ओळख करून देणार?"

मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. "कुणाची?" ते म्हणाले. "कुणी नाही. कसला वास? काकड्यांचा असेल." आणि गुडघे विसरून तुरुतुरु आत पळाले.

संशयाला आणखी काय लागतं?

त्या संध्याकाळी उजेडरावांनी माळ्यावरून शिडी काढली. शिडीचं आणि त्यांचं नातं जुनं. भिंतीला लावली आणि माकडासारखे वर चढले. खिडकीबाई खाली शिडी धरून. "पडाल हो! मला सांगा काय दिसतंय ते!"

उजेडरावांनी काळं कापड बाजूला सारलं आणि डोकं आत घातलं.

पलीकडची अख्खी भिंत पांढरी झाली होती. बशीएवढी, चंद्राएवढी फुलं, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, जणू मुजऱ्याला सगळी कंपनी एकदम पुढे आलीय. खाली खुर्ची टाकून टेलरमास्तर बसले होते, मांडीवर चहाचा कप, तोंड वर, डोळे अर्धवट मिटलेले. आयत्या बिळावर नागोबा दुसरा कसा दिसतो?

मास्तरांनी डोळे उघडले. वर कापडातून उजेडरावांचं डोकं. कप कलंडला.

"अहो! काय दिसतंय?" खालून खिडकीबाई.

उजेडरावांनी सांगता सांगता जीभ आवरली. सांगितलं तर ही आत्ता शिडीवर चढेल आणि काय बघेल? उमललेली फुलं! म्हणजे पुन्हा पडदा उघडून गेलेला, पुन्हा राजा मेलेला!

त्यांनी आवाज घट्ट केला. "काही नाही गं. मास्तर अत्तर लावून बसलेत."

"एकटेच?"

"एकटेच."

"अरेरे," खिडकीबाई म्हणाल्या.

मास्तरांनी भिंतीखालून दोन्ही हात जोडून दाखवले. उजेडरावांनी वरून मूठ दाखवली.

खिडकीबाई झोपायच्या तयारीला लागल्या तसे उजेडराव पाय मोकळे करायच्या निमित्ताने पलीकडे गेले. "चोर! मूग गिळून बसलात? माझी वेल, माझं पाणी, माझं चांदणं!"

"चांदणं!" मास्तर उसळले. "त्या तुमच्या चांदण्यापायीच तर सगळं झालं. रात्रभर माझ्या खिडकीत निळा उजेड. डोळ्याला डोळा लागेना. शेवटी कोटाच्या अस्तराचं कापड जोडजोडून कनात लावली. मी झोपलो आणि तुमची वेलही झोपली, इकडची. पंधरवडा नाही गेला तोच कळ्या. तिकडे तिला तुम्ही झोपूच देत नाही, ती फुलणार कधी? माणूस असतं तर पोलिसात गेलं असतं!"

उजेडराव मटकन खुर्चीत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे ठीक. पण आपल्याच उजेडाने नायिकेला स्टेजवर येऊ दिलं नाही?

"मग सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर ओढून नेली असतीत तुमच्या बाजूला." मास्तर बोटांशी चाळा करत म्हणाले. "संध्याकाळी मशीन बंद केलं की घर फार गप्प होतं हो. ही बोलत नाही, पण येते तर खरी. रोज."

यावर उजेडरावांना राग ठेवता येईना. त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यावर थाप मारली, नेमकी दुखऱ्या, आणि मास्तर ओरडले, आणि दोघांना हसू फुटलं. ते थांबेना. मग उजेडरावांनी शब्दाची सगळी गोष्ट सांगितली. मास्तर डोळे पुसत ऐकत होते. "वहिनींनी एकदाही नाही पाहिला पडदा? मग करा प्रयोग! माझं अंगण तुमचं थिएटर."

व्हरांड्यातला स्पॉट त्याच रात्री विझला. "बल्ब उडाला," उजेडराव म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून उजेडराव रोज तिन्हीसांजेला मास्तरांकडे तालमीला जाऊ लागले. कोणती कळी आज उमलणार ते सकाळीच ओळखू येतं, हे ते शिकले. ती टोकाशी फुगते, छत्रीसारखी गुंडाळलेली असते आणि पिळाच्या रेघा सैल पडतात. पहिल्यांदा ती डोळ्यांदेखत उघडली तेव्हा दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून उड्या मारत होते, आणि एक काकडीचं रोप गतप्राण झालं.

घरी येताना त्यांच्या कपड्यांना तो वास येई.

"आता तुम्हीही?" खिडकीबाईंनी शर्ट हुंगून विचारलं. "दोघांत मिळून एक बाटली आणलीत की काय?"

"रविवारी कळेल. मास्तरांकडे प्रयोग आहे. तू पहिल्या रांगेत."

"कसला? अत्तराचा?"

"पडद्याचा," उजेडराव म्हणून गेले आणि जीभ चावली. खिडकीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी शर्टाची घडी घातली. दोनदा मोडली आणि दोनदा घातली.

रविवारी मास्तरांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. स्टूल, बाक, मशीनची बैठक, जे मिळेल ते. जुन्या कंपनीतली झाडून सगळी माणसं आली, कुणी काठी टेकत, कुणी दुसऱ्याला टेकत. मास्तरांनी काळी कनात कडक इस्त्री करून पुन्हा लावली होती. घंटावाला आपली घंटा घेऊन आला होता. जुनं थिएटर पाडलं तेव्हा त्याने तेवढीच वाचवली होती.

आणि खिडकीबाई? पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी. त्या फाटकापाशी, दिव्याखाली, छोटं टेबल टाकून बसलेल्या! मास्तरांकडची कापडाची कात्रणं घेऊन तिकिटं वाटत होत्या. चौकटीचं कापड पुढच्या रांगेला, रेघांचं मागच्या.

"अगं, तू पाहुणी आहेस आज!"

"आणि यांना जागेवर कोण बसवणार? त्या दोघांचं बघा, वाटेतच भांडलीत. खांबाआड बसवते."

पहिली घंटा झाली. दिवस मावळला. वेलीवर कळ्या ताठ उभ्या. दुसरी घंटा झाली. अंगणातली कुजबूज विरली. पण कळ्या हलेनात. उजेडराव एकीवरून दुसरीवर नजर फिरवत होते. तालमीत एव्हाना थरथर सुरू व्हायची. काय बिनसलं? आणि मग त्यांनी पाहिलं, भिंतीवर फिकट पिवळा डाग पडलाय. फाटकावरच्या दिव्याचा. तालमीला तो कधी लावलाच नव्हता.

ते वाकून, खुर्च्यांआडून, फाटकाशी गेले. "दिवा घालव."

"आणि तिकिटं कशी दिसतील?"

"आले की सगळे!"

"राणीसरकार यायच्यात." खिडकीबाईंनी हातातलं शेवटचं कात्रण दाखवलं, लाल मखमलीचं. मुद्दाम राखलेलं.

"त्या उशिराच येणार!"

"म्हणूनच तर मी आहे इथे. माणूस दारात आलं आणि खिडकी बंद, असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही."

हे वाक्य उजेडरावांच्याच घरातलं होतं. नायिका उभी केली आणि लाइट दिला नाही, असं माझ्या हातून... आणि त्या हट्टाचं काय झालं, तेही आता त्यांना ठाऊक होतं. बटण त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. आयुष्यभर त्यांनी एका बोटाने दिवस बुडवले होते. पण त्यांनी हात मागे घेतला.

"हे बघ," ते हळूच म्हणाले, "तिकडे राजा अजून जिवंत आहे. पण दिवा आहे तोवर पडदा उघडणार नाही, आणि तू इथे आहेस तोवर मी तिसरी घंटा देणार नाही. बसलेत सगळे. बसू देत."

खिडकीबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. दूर कोपऱ्यावर एका गाडीचे दिवे वळताना दिसले, आणि त्या गाडीचा हॉर्न राणीच्या थाटात वाजला. त्यांनी हातातल्या मखमलीकडे पाहिलं. मग अंगणात, पहिल्या रांगेतल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. उभा जन्म पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांनी दुसऱ्यांना विकली होती.

त्यांनी मखमल टेबलावर ठेवली, हात लांब केला आणि बटण दाबलं.

काळोख झाला. आणि त्या काळोखात, बॅटरीशिवाय, कुणाच्या पायावर पाय न देता, खिडकीबाई सरळ आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. उजेडराव मात्र त्यांच्या मागे येताना दोन काठ्यांना आणि एका बाकाला अडखळले.

तिसरी घंटा झाली.

क्षणभर काहीच नाही. डोळे काळोखाला सरावले. आकाशात अजून राखाडी उजेडाची एक कड शिल्लक होती, तेवढ्यात कळ्यांच्या आकृती दिसत होत्या. मग मधली कळी थरथरली. वारा नव्हता. पुन्हा थरथरली, जशी पडद्यामागून कुणी नटी घाईने जाताना पडदा हलतो तशी. पिळाची एक रेघ सुटली. दुसरी सुटली.

"अगं ए खिडकी!" फाटकाबाहेरून खणखणीत आवाज आला. "दिवा का घालवला? मी आलेय ना!"

खिडकीबाईंनी मान वळवली नाही. "शूऽऽ! पडदा उघडतोय!"

आणि झर्रकन, डोळ्यांदेखत, पापणी लवायच्या आत, पीळ सुटला. फूल उघडलं, बशीएवढं, पांढरंशुभ्र, आणि वासाची एक लाट पहिल्या रांगेवर येऊन फुटली. कुणीतरी "अहाहा!" केलं. मास्तर, ज्यांनी हे रोज पाहिलं होतं, त्यांनीच सगळ्यांत मोठा हुंदका दिला. खिडकीबाई दोन्ही हात गालांवर ठेवून बसल्या होत्या. त्यांचं तोंड शाळकरी पोरीसारखं उघडं होतं.

काळोखात धडपडत, एका काकडीच्या वाफ्यातून मार्ग काढत, राणीसरकार आत आल्या आणि मिळेल तिथे, म्हणजे मशीनच्या बैठकीवर, धप्पकन बसल्या. पुढे वाकून त्यांनी विचारलं, "काय झालं गं? काय बघायचं राहिलं माझं?"

खिडकीबाई फुलावरची नजर न काढता कुजबुजल्या, "बसा राणीसरकार. कथा समजते."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग पुढच्या, मग अख्खं अंगण. त्या गलक्यात खिडकीबाई एकाएकी उठून उभ्या राहिल्या. जिने जन्मभर फक्त 'किती हवीत?' एवढंच विचारलं होतं, तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि भिंत हादरेल असा आवाज दिला:

"वन्समोऽऽर!"

वरच्या फांदीवरची कळी थरथरू लागली.